कमळाकर म्हणे

मुरबाडच्या शाळेतले कमळाकर गुरुजी पन्नाशी उलटल्यावर एकाच गोष्टीसाठी झुरत होते: आपल्यामागं आपलं नाव कुणाच्या तरी तोंडी राहावं. त्यासाठी अडतीस साली त्यांनी पदरमोड करून कल्याणात कवितांचं पुस्तक छापून घेतलं. मुंबईच्या विद्वानांना प्रती धाडल्या. पोचसुद्धा आली नाही. उरलेल्या प्रती माळ्यावर ठेवल्या, त्या दोन पावसाळ्यांत वाळवीनं संपवल्या.

"इतकं मन लावून दुसऱ्या कुणी वाचलं नाही हो," त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई हळहळून म्हणाल्या.

अशात वैशाखरे गावचे सावळाराम पाटील मुलीच्या लग्नाचं आवतण घेऊन आले. चहा पिता पिता गुणगुणायला लागले:

"हळदीची पावलं उंबऱ्याशी आली,
चंद्राची वाटी दारात सांडली..."

गुरुजींनी बशी खाली ठेवली. "हे कुठं ऐकलंत?"

"आमची धोंडूबाई धवलारीण लग्नात म्हणते. मुरबाडपासून घाटापर्यंत हल्ली याच्याबिगर हळद लागत नाय!"

गुरुजींना उलगडा झाला. धोंडूबाई पूर्वी त्यांच्याकडे भात कांडायला यायची, तेव्हा ओसरीवर बसून ते कविता मोठ्यानं वाचत. कागद वाळवीनं खाल्ला, पण गाणं धोंडूबाईच्या गळ्यात सुखरूप होतं! आणि तिसऱ्या ओळीत तर, संतांच्या रीतीनं, त्यांनी स्वतःचं नाव गुंफलं होतं: 'कमळाकर म्हणे, रात उजळली.' म्हणजे इतक्या मांडवांतून आपलं नाव दुमदुमतंय, आणि आपण मात्र इथं पाढे घोकून घेतोय!

लग्नाला ते नवं उपरणं घालून गेले आणि बायकांच्या घोळक्यापाशीच ठाण मांडून बसले. हळद लागली. धोंडूबाईनं सूर लावला. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. गुरुजींनी डोळे मिटले.

"बुधू म्हणे, रात उजळली!"

गुरुजी ताडकन उठले. "बुधू नाही! कमळाकर!"

गाणं थांबलं. सावळाराम धावत आले. "गुरुजी, नवरा बुधूच हाय."

"असेल. पण तिथं कमळाकरच पाहिजे!"

"कोन कमळाकर?"

"मी!"

मग नवरीची मावशी कपाळाला हात लावून म्हणाली, "अगो बाय! या वयात?"

वरपक्ष उठला. बुधूनं बाशिंग काढून मांडीवर ठेवलं. "दुसरा नवरा ठरला व्हता तं आमाला कशाला बोलावलंत?" त्याचा बाप गरजला.

"मला नवरी नको हो!" गुरुजी रडकुंडीला आले. "मला फक्त नाव हवंय!"

"नाव बारशाला ठेवतात," मावशी म्हणाली. "आदी लगीन तं लागू द्या!"

शेवटी धोंडूबाईनंच गुरुजींना कोपऱ्यात नेलं. "गानं तुमचंच हाय, गुरुजी. मी काय नाय म्हन्ते? पन त्या जागी नवऱ्याचं नाव घ्यायची आमची रीत. तिथं एकटं तुमचंच नाव ठेवलं, तं बाकीच्यांची लग्नं कशी लागायची?"

गुरुजींनी बुधूचं बाशिंग आपल्या हातानं बांधलं, अक्षता टाकल्या आणि न जेवताच गाडीत बसले.

घरी बातमी आधीच पोचली होती. सरस्वतीबाई अंगणात भात कांडत होत्या. "एकटेच आलात?" मुसळ न थांबवता त्यांनी विचारलं. "मी नवरीसाठी पाट मांडला होता."

गुरुजी पायरीवर टेकले आणि त्यांनी सगळं सांगितलं. "इतकी लग्नं लागली, इतके नवरे त्या ओळीत बसले," ते म्हणाले. "माझं नाव तेवढं कुठंच नाही. खरं गाणं आता कुणाला येतं?"

मुसळाच्या ठोक्यावर, अगदी हलक्या आवाजात, सरस्वतीबाईंनी ओळ धरली. हळदीची पावलं आली. चंद्राची वाटी सांडली. मग मुसळ एकदा नुसतंच पडलं, त्यावर शब्द नव्हता, आणि पुढं, "...म्हणे, रात उजळली."

"नाव गाळलंस," गुरुजी म्हणाले.

"इश्श! इकडचं नाव मी कसं घेऊ?" त्यांनी पदर सावरला. "धोंडूबाई कांडायला यायची तेव्हापासनं मी हे असंच म्हणत आलेय. त्या ठोक्यात दुसऱ्या कुणाला बसवलं नाही."

गुरुजी पायरीवरून उठून उखळापाशी येऊन बसले.

"पुन्हा म्हण," ते म्हणाले.