खाजामियाँचा कप

कॉफी भाजायचं मशीन खोक्यातून बाहेर निघायच्या आधीच नरसिंगराव गायकवाडांनी गल्लीला त्याची खबर देऊन टाकली होती. खबर दिली असं म्हणणं तसं सौम्यच. लातूरच्या बसस्थानकात माइकसमोर बसून त्यांनी सारी नोकरी गाड्यांचा पुकारा करण्यात घालवली होती. निवृत्तीनंतर माइक डेपोत राहिला आणि आवाज घरी आला.

"ऐका हो! आमच्या लुंबिनीनं मशीन आणलंय! कॉफी भाजायचं! सोताच्या पगारातून!"

समोरच्या ओट्यावर मेथी निवडत बसलेल्या जगदेवीबाईंनी मान वर केली. "कॉफी भाजतेत व्हय? मला वाटलं पुडीतच येती."

"पुडीत येती ती कॉफी न्हाई, जगदेवीबाई. कॉफी म्हंजे ताजी भाजलेली," नरसिंगराव म्हणाले. हे ज्ञान त्यांना आदल्या रात्री जेवताना झालं होतं, पण सांगण्याची ढब अशी की जणू कॉफीचे मळे गायकवाडांच्या घरात पिढीजात होते.

लुंबिनी बेंगळूरला एका कॉफी कंपनीत चार गोष्टी नीट शिकून परत आली होती. लातुरात क्लासेसच्या भागात पोरं दिवसभर पुस्तकात डोकं घालून बसतात, त्यांना बसायला जागा आणि प्यायला चांगली कॉफी द्यायची, एवढं तिचं स्वप्न. जागाही तिने हेरली होती. खाजामियाँचं चहाचं हॉटेल. गुडघे गेल्यामुळे खाजामियाँनी ते बंद केलं होतं आणि मोबाइलची कव्हरं विकणारा एक माणूस त्यांच्या मागे हात धुऊन लागला होता. लुंबिनी भेटायला गेली तेव्हा म्हाताऱ्याने दाढी खाजवत अट घातली.

"बेटी, मी चहाचा माणूस. कॉफी मला औषधावानी लागती. पर तुझ्या हातचा एक कप मी पूरा पिऊन टाकलो, तर चावी तुझी. न्हाई पिलो, तर कव्हरवाल्याची. शनिवारी दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर येतो तुमच्या घरी."

म्हणजे एका कपावर दुकान. नरसिंगरावांनी ही अटसुद्धा गल्लीत जाहीर केली. मशीन त्यांनी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या टेबलावर मांडलं, मेणबत्ती लावली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आत बोलावून दाखवलं. "हात लावू नका. बगा निस्तं."

शनिवारी सकाळी लुंबिनी मैत्रिणीकडून कॉफी दळायचं यंत्र आणायला नांदेडला गेली. दुपारपर्यंत परतून मशीन तयार करायचं, असा तिचा हिशोब. येताना अहमदपूरच्या अलीकडे तिची गाडी बंद पडली.

"बंद पडली न्हाई म्हणायचं," नरसिंगराव फोनवर म्हणाले. "थांबलीय म्हणायचं. एसटी बंद पडत नसती."

"बाबा, ऐका ना नीट! मला उशीर होणार. मशीन तुम्हीच तयार करा. नवीन तवा आपण आधी तेल-कांदा लावून तयार करतो ना, तसंच. मी खराब बियांची एक पिशवी ठेवलीय. त्या दोन-तीनदा भाजायच्या आणि फेकून द्यायच्या. नवेपणाचा वास जातो. समजलं?"

"समजलं म्हंजे काय! तू निवांत ये."

फोन ठेवून त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. मुलीने मशीन त्यांच्या हाती सोपवलं होतं. छाती इतकी फुगली होती की पिशवी कुठे ठेवलीय हे विचारायचं राहून गेलं. ते बायकोला, नागुबाईंना विचारावं लागलं.

"ती होय? फुटकं, काळं, किडकं बी होतं त्यात. कचरागाडीत टाकलं काल."

"टाकलं? का?"

"आता का म्हंजे? घरात आलेलं धान्य निवडायचं न्हाई का? दुसऱ्या पिशवीतलंबी निवडून ठेवलंय. खडे न्हाईत फारसे. दाणा बरा हाय."

नरसिंगराव चांगल्या पिशवीकडे वळले. नागुबाईंनी ती पिशवी पोटाशी धरली. "चांगलं बी भाजून फेकायचं? डोस्कं ठिकाणावर हाय का तुमचं? लेकराच्या पगाराचं हाय ते."

लुंबिनीला पुन्हा फोन लावला, तर तो लागेना. मशीन तसंच कोरं उभं. खाजामियाँ यायचेत. अशा वेळी घरोघरी जे होतं तेच झालं, म्हणजे नागुबाईंना एक सुचलं.

"मशीनला काय, भाजल्याशी मतलब ना? मला बी आमटीसाठी वर्षाचं येसर भाजायचंच हाय. त्यात भाजू. मशीनबी तयार, येसरबी तयार, आन् फेकायचं काईच न्हाई."

नरसिंगरावांना यात खोट दिसेना. येसराचा मसाला फेकला जात नाही ही एवढी एक बाब सोडली, तर मुलीच्या सूचनेचं हे तंतोतंत पालन होतं.

आधी ज्वारी टाकली. ड्रम गरगरला आणि ज्वारी अशी एकसारखी बदामी होऊन बाहेर आली की नागुबाई पाहतच राहिल्या. चुलीपुढे बसून हात भाजून घ्यायचे, तरी असा रंग आला नव्हता. मग गहू, मग हरभऱ्याची डाळ. नरसिंगरावांना राहवलं नाही. ते दारात आले.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! आमच्या मशीनमध्ये ज्वारी एक नंबर निघालेली हाय!"

जगदेवीबाई आपले धने घेऊन आल्या. त्यांच्या मागून कुणी तीळ आणले, कुणी खोबरं. नरसिंगरावांनी कुणाला नाही म्हटलं नाही. "एक एक या, गर्दी करू नका, समद्यांचा नंबर लागंल." ही वाक्यं म्हणायला मिळून त्यांना वर्षं झाली होती.

शेवटी मिरच्या राहिल्या.

ड्रम फिरू लागला तेव्हा काही वाटलं नाही. पण मागच्या नळीतून जो धूर सुटला, त्याने आधी जगदेवीबाई शिंकल्या, मग तीळवाल्या, मग सगळी गल्ली. कोपऱ्यावर सायकल थांबवून एक पोस्टमन खोकत बसला. डोळे पुसत लोक घरात शिरले आणि समोर दिसला तो गायकवाडांचा माठ. नळाला पाणी यायचा तो दिवस नव्हता. तांब्यामागून तांब्या रिकामा झाला. नागुबाई मात्र डगमगल्या नाहीत. मसाला मिक्सरमधून काढला आणि आधीच उकळत ठेवलेल्या पाण्यात कालवून मोकळ्या झाल्या. पाहुणा येणार म्हटल्यावर घरात आमटी-भाकरी नको का!

एवढ्यात लुंबिनी रिक्षातून उतरली. दारातच तिने श्वास घेतला आणि तिचा चेहरा पडला.

"बाबा. ड्रममध्ये काय टाकलंत?"

"तसं काई न्हाई. मशीन तयार केलं. लई भारी चाललंय."

"काय टाकलंत?"

"येसर," नरसिंगराव म्हणाले. ते आयुष्यात इतक्या हळू कधी बोलले नव्हते.

लुंबिनी रडली नाही, चिडलीही नाही. ओढणी कमरेला खोचून तिने ड्रम कोरड्या फडक्याने पुसून काढला. फडकं लालभडक झालं. धुवायला पाणी नव्हतं, आणि गल्लीच्या टोकाकडून खाजामियाँच्या काठीचा ठकठक आवाज येत होता. तिने निवडलेल्या बिया घातल्या. आईबापाकडे न बघता ती ड्रमच्या काचेतून रंग बघत राहिली. बिया हिरव्याच्या पिवळ्या झाल्या, मग तपकिरी, मग तडतडल्या, आणि नेमक्या वेळी तिने त्या बाहेर काढल्या. ते करताना तिचे हात असे सहज चालले होते की नरसिंगराव दोन पावलं पुढे सरकले. ही आपली पोरगी, आपल्या टेबलावर, असं काहीतरी करतेय जे या गल्लीत कुणालाच येत नाही. आणि आपण त्यात मिरची घातली.

नांदेडहून आणलेल्या यंत्रात तिने बिया दळल्या, आणि माठाच्या तळाशी उरलेलं भांडंभर पाणी कॉफीला लागलं.

खाजामियाँ दोनदा शिंकून खुर्चीवर बसले. लुंबिनीने कप पुढे ठेवला. सगळी गल्ली खिडकीत. त्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटले, उघडले, आणि कप खाली ठेवला.

"बेटी, हे प्यायचं का भाकरीसंग खायचं?"

"चाचा, नका पिऊ," लुंबिनी म्हणाली. "ही बिघडलीय. मी भाजली नीट, पण ड्रम स्वच्छ नव्हता. अशी कॉफी मी कुणाला देणार नाही."

"तिची चूक न्हाई, खाजाभाई," नरसिंगराव पुढे झाले. "मशीन मी नासवलं. चावी द्या, नका देऊ, पर पोरीला नाव ठिवू नका."

नागुबाईंनी या सगळ्यातलं फक्त भाकरी एवढंच ऐकलं होतं. पाहुण्याने भाकरीचं नाव काढल्यावर ताट यायला कितीसा वेळ! ज्वारीची भाकरी, वर तेल तरंगणारी येसराची आमटी. खाजामियाँना अशा वासाला नाही म्हणणं जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी भाकरी कुस्करली आणि मोठा घास घेतला.

घोटाळा अंदाजाचा होता. तव्यावर भाजताना मिरची निम्मी जळून वाया जाते. मशीनमध्ये एकही वाया गेली नव्हती आणि नागुबाईंनी मसाला नेहमीच्याच मापाने घातला होता. खाजामियाँचा चेहरा आधी लाल झाला, मग टोपीखालून घाम वाहू लागला.

"पानी!"

तांब्या रिकामा. माठ रिकामा. जगदेवीबाई आपल्या घराकडे धावल्या. पण तेवढा धीर म्हाताऱ्यात कुठला! त्यांनी समोरचा निवलेला कप उचलला, तोंडाला लावला आणि घटाघटा रिकामा केला. मग उपडा धरून शेवटचा थेंबही जिभेवर घेतला.

खिडकीतले सगळे कपाकडे बघत होते. नरसिंगरावांनी पुष्कळ आवरलं, पण नोकरीची सवय.

"कप रिकामा! खाजाभाईंचा कप रिकामा झालेला हाय!"

"नाही, बाबा," लुंबिनी ठामपणे म्हणाली. "हा धरायचा नाही. तिखट लागलं म्हणून प्याले ते. चाचा, उद्या मशीन साफ करते आणि नव्याने कॉफी देते. ती आवडली तरच चावी द्या."

खाजामियाँनी उपरण्याने डोळे पुसले. बराच वेळ पुसले.

"इतकी वर्षं हाटेल चालवलं," ते म्हणाले. "उकळून उकळून काळा झालेला चहाबी गिऱ्हाइकाला इकला मी. कुणी पिलं तर पैसे घेतले, का पिलं म्हून इचारलं न्हाई. आन् तू हातात आलेली चावी परत करायलीस. मग आता हे हाटेल दुसऱ्या कुणाला देऊ, सांग बरं?" त्यांनी खिशातून चावी काढून ताटाशेजारी ठेवली.

नरसिंगरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मिरचीचा ठसका, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. धूर मात्र केव्हाच विरला होता. लुंबिनी चावी मुठीत धरून हसत होती आणि तिला पाहून त्यांचा ठसका वाढतच गेला.

दुकान उघडलं त्या सकाळी पहिला कप अर्थातच खाजामियाँना. मशीन आतून लख्ख, बिया ताज्या, कॉफी अगदी लुंबिनीला हवी तशी. क्लासची पोरं टेबलांवर बसलेली. नरसिंगराव नव्या शर्टात दाराशी उभे. खाजामियाँनी घोट घेतला. लुंबिनीने श्वास रोखला.

"चांगली हाय बेटी. लई चांगली हाय."

ती समाधानाने वळली. खाजामियाँनी इकडे तिकडे बघितलं, सदऱ्याच्या खिशातून कागदाची एक छोटी पुडी काढली, चिमूटभर लालसर पूड कपात टाकली आणि चमच्याने ढवळून मोठा घोट घेतला. आता कुठे त्यांच्या चेहऱ्यावर खरी खुशी आली.

"चाचा, काय टाकलंत ते?" शेजारच्या टेबलावरच्या मुलीने वाकून विचारलं. "मस्त वास येतोय. घरच्यासारखा. मला पण द्या ना."

लुंबिनी गर्रकन मागे फिरली. तिने पुडीकडे बघितलं, मग बापाकडे.

"बाबा, ही पुडी यांना कुणी दिली?"

नरसिंगरावांनी छताकडे पाहिलं. एवढ्या मोठ्या बातमीचा पुकारा त्यांनी केला नाही, ही नोकरीत नि घरातही पहिलीच वेळ. पण मिशीतलं हसू त्यांना लपवता आलं नाही.

"मी दिली," आतून नागुबाईंचा आवाज आला. "वर्षाचं भाजलंय. त्या मशीनात काई वाया जात न्हाई ना, लई निघालं."