उत्तमकाकांची हवेची सायकल

आमचे शेजारी उत्तमकाका कुणाची तब्येत विचारत नाहीत, वजन विचारतात. गल्लीत नव्यानं राहायला आलेल्या बँकेच्या साहेबांनाही त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं. साहेब ओशाळून म्हणाले, ब्याऐंशी. काका गंभीर झाले. "मंग तुमाला हवा जास्त लागंल."

याला कारण त्यांची सायकल. मुलगा श्रीकांत जर्मनीत नोकरीला. एकदा सुट्टीवर येताना त्यानं ती खोक्यात घालून आणली. होती डोंगरात चालवायची. जुन्या जालन्यात डोंगर नाहीत, पण खड्ड्यांनी ती कसर भरून काढली. तिच्या पुढच्या शॉकॲब्सॉर्बरमध्ये स्प्रिंग नाही, नुसती हवा. ती बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे भरायची. जास्त झाली तर मनगटं दुखतात, कमी झाली तर सायकल नाक खुपसते.

एमआयडीसीतल्या सळयांच्या कारखान्यात काकांनी तीस वर्षं कॉम्प्रेसर सांभाळला होता. हवा हा त्यांचाच विषय. काकू गेल्या, नोकरी संपली, आणि मग ही सायकल आली. थंडीत अंगात स्वेटर चढला की काका छोट्या पंपानं दोन झटके हवा जास्त भरत, श्रावणातले उपास झाले की थोडी सोडत. शॉकच्या नळीवर एक रबरी कडी असते. सायकलवर बसलं की ती सरकते, आणि किती सरकली त्यावरून हवा कळते. काका बसत, उतरत, चष्मा लावून कडी बघत, "बराबर" म्हणत आणि मगच दळण आणायला निघत. गिरणी चार घरं सोडून होती.

एकदा मला अंबडच्या माझ्या शाळेत शिकवायला जायची एसटी गाठायची होती म्हणून मी सायकल मागितली. त्यांनी माझं वजन विचारलं, हवा सोडली, भरली, मला तीनदा बसवलं. एसटी निघून गेली. हवा मात्र उत्तम बसली होती.

तो शॉक त्यांनी दोनदा पूर्ण खोलून, तेल बदलून पुन्हा जोडला होता. त्यामुळे एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा चकितच झालो. काका मोबाइलवर श्रीकांतला विचारत होते, "न्हाई रे, मला न्हाई समजत. हवा वरून भरायची का खालून?" पलीकडून अर्धा तास समजावणं चाललं. काका डोळे मिटून हुंकार देत होते.

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, काका, हे तर तुम्ही मला शिकवलंय.

त्यांनी मोबाइल खिशात ठेवला. "सर, जेवलास का इचारलं की तो 'हो' म्हणतो, अन् फोन संपतो. सायकलीचं इचारलं की बोलतो."

पुढं पावसाळ्यात आतलं रबरी सील खरंच झिजलं. हवा गळून संध्याकाळपर्यंत शॉक खाली बसू लागला. नवं सील काकांच्या कपाटात होतं, तासाभराचं काम. पण श्रीकांत फोनवर म्हणाला होता, तुम्ही हात लावू नका, दिवाळीला मी येऊन करतो. काकांनी चार महिने रोज सकाळी हवा भरली.

श्रीकांत आला. बापलेक अंगणात जुन्या चादरीवर शॉक उघडून बसले. मीही खुर्ची टाकून होतो. श्रीकांत पाना मागे, काका देत. श्रीकांत समजावे, काका मान हलवत. सील बसवताना त्यानं ते उलटं बसवलं. माझ्यासुद्धा लक्षात आलं. मी तोंड उघडलं तसा काकांनी माझा गुडघा दाबला.

"जमलं का बाबा?" श्रीकांतनं विचारलं.

काकांनी हँडल दाबून पाहिलं. "एकदम बराबर," ते म्हणाले.

त्याच रात्री श्रीकांत परत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर शॉक तळाला टेकलेला आणि काका पंप लावून हवा भरत होते. मी म्हणालो, आता तरी खोलून ते सील सरळ करून टाका.

"न्हाई," ते म्हणाले. "त्याच्या हातचं हाय. असू द्या."