डिस्कसाहेबांची पालखी

एका जंगलात एक बंधारा होता, आणि त्या बंधाऱ्याहून मोठा होता तो तिथला मानपान.

मुलांनो, मानपान म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. मागच्या लग्नात पहिला हार गळ्यात पडला नाही म्हणून तुमचे एक काका न जेवता घरी गेले ना, तेच. या जंगलात तसे काका झाडाझाडाखाली बसलेले होते.

बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला भरपूर पाणी असे. खालच्या अंगाला एक डोह होता. त्याला सगळे खालचा डोह म्हणत. उन्हाळा लागला की बंधाऱ्याचं दार उघडायचं आणि खालच्या डोहाला पाणी सोडायचं, अशी रीत होती. दार उघडायला फक्त एक चाक फिरवावं लागे. हत्तीने ते सोंडेने सहज फिरवलं असतं. पण चाकाला पहिला हात कोणी लावायचा? हत्ती म्हणे आमचा मान, गवा म्हणे आमचा. त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या डोकी फुटली, शिंगं मोडली. शेवटी वाघमहाराजांनी वैतागून ते काम एका कॉम्प्युटरला देऊन टाकलं. कॉम्प्युटरला घराणं नसतं. त्यामुळे त्याचं कोणाशी वाकडं नव्हतं.

दार उघडण्याचा प्रोग्रॅम सुगरण पक्षिणीने लिहिला होता. घरटं विणावं तितक्या निगुतीने तिने तो विणला, आणि मग ती शहराजवळच्या रानात राहायला निघून गेली. प्रोग्रॅम चाले डॉसवर. डॉस म्हणजे फार जुन्या वळणाची व्यवस्था. काळा पडदा, पांढरी अक्षरं आणि एक उघडझाप करणारी छोटी रेघ. ना चित्रं, ना रंग. ती रेघ जणू म्हणायची, "बोला, काय करू?" आणि सांगाल तेवढंच करायची. असे नोकर आता मिळत नाहीत.

एका उन्हाळ्यात कॉम्प्युटर अडला.

खालच्या डोहात मंजुळाक्का नावाची पाणमांजर राहायची. नाव मंजुळा, पण तिने तोंड उघडलं की पलीकडच्या टेकडीवरचे ससे बिळात शिरत. तिला नुकतीच पिल्लं झाली होती. डोह रोज आटत होता. मासे चिखलात तडफडत होते, आणि पिल्लं पोहायला शिकायच्या ऐवजी चिखलात लोळायला शिकत होती. आणखी थोडे दिवस असेच गेले तर पिल्लं जगणार नाहीत, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

ती तरातरा बंधाऱ्यावर गेली. कॉम्प्युटर सांभाळायला शेकरू तात्या होता. त्याला सगळी बटणं दाबता येत, पण न विचारता कुठलंही बटण दाबायची भीती वाटे. नोकरी त्याला म्हणूनच मिळाली होती.

"तात्या, दार का उघडंना?"

"डिस्क गेली, अक्का. डॉसही तिच्यात, प्रोग्रॅमही तिच्यात. म्हणजे अगदी गेली असंही नाही. हाक मारली की ओ देते आणि मग झोपते."

"मग नवा कॉम्प्युटर आणा की!"

"आणलाय. महाराजांच्या गुहेत आहे. चालू केला की त्याच्यावर कमळाचं चित्र येतं. फार सुरेख आहे. पण आपला प्रोग्रॅम त्याला समजतच नाही."

मंजुळाक्काने कपाळावर हात मारला आणि करकोच्याबरोबर सुगरणीला निरोप धाडला. करकोचा परत आला तेव्हा त्याच्या चोचीत एक पेनड्राइव्ह होता. अंगठ्याएवढा. त्यात सुगरणीने जपून ठेवलेला जुना प्रोग्रॅम होता, आणि हुबेहूब डॉससारखी वागणारी, फुकटात मिळणारी एक व्यवस्थाही होती. निरोप एवढाच होता: हा खोचा, कॉम्प्युटर यावरूनच सुरू करा, आत काही भरत बसू नका.

तात्याने पेनड्राइव्ह खोचला. कॉम्प्युटर सुरू केला. काही झालं नाही.

"आता काय झालं?" मंजुळाक्का ओरडली. टेकडीवरचे ससे बिळात गेले.

तात्या म्हणाला, "त्याचं असं आहे, अक्का. कॉम्प्युटर जागा झाला की दारोदार विचारत जातो, मला उठवून कामाला कोण लावणार? आधी फ्लॉपीला विचारतो. ती जागा रिकामी आहे. मग सीडीला विचारतो. तीही रिकामी. मग डिस्कला विचारतो. डिस्क म्हणते, मी आहे! आणि झोपी जाते. हा बिचारा तिच्या दारात हात जोडून उभाच राहतो. पेनड्राइव्हचा नंबर शेवटी. तिथवर तो पोचतच नाही."

"मग त्येला पहिला नंबर दे."

"देता येतो. दोन बटणांचं काम आहे."

"मग दाब की!"

तात्याच्या शेपटीवरचे केस उभे राहिले. "मी? क्रम बदलू? माळढोकरावांना न विचारता?"

माळढोकराव हे दरबारातले मानपान-अधिकारी. उंच मान, रुंद छाती, आणि चालणं असं की मागून कोणीतरी छत्री धरलीय. कोणी कोणाच्या आधी पाणी प्यायचं, कोणी कोणाच्या मागे जांभई द्यायची, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. प्रकरण कानावर पडताच ते स्वतः बंधाऱ्यावर आले, आणि येताना वाघमहाराजांसकट अख्खा दरबार घेऊन आले.

"परवाचा पोर," माळढोकराव पेनड्राइव्हकडे चोच करून म्हणाले, "आणि त्याला पहिली हाक? डिस्कसाहेबांची हयात गेली या पेटीत!"

"आवं, पर त्यांच्यानं आता काम हुईना," मंजुळाक्का म्हणाली.

"बाई, काम आणि मान यांचा संबंध कुठून आला?"

दरबाराने माना डोलावल्या. हे सगळ्यांना पटण्यासारखंच होतं.

"बरं, त्या फ्लॉपीला तरी काढा. ती तर जागेवर न्हाईच."

"कैलासवासी झाल्या म्हणून फ्लॉपीबाईंचा मान गेला की काय? पहिली हाक त्यांनाच. त्या आल्या नाहीत, हा त्यांचा प्रश्न."

गव्याने एक तोड सुचवली. डिस्कसाहेबांनी पेनड्राइव्हला दत्तक घ्यावं. सगळ्यांना ते फार आवडलं. बारशाला काय करायचं यावर बरीच चर्चाही झाली. मग माळढोकराव म्हणाले की, दत्तक घेतला तरी वडील बसलेले असताना मुलगा आधी कसा बोलेल? तोड मागे पडली. गवा रुसून बसला.

हत्ती म्हणाला, डिस्कसाहेबांना निवृत्त करू, शाल-श्रीफळ देऊ. माळढोकरावांनी डिस्कला रीतसर विचारलं, "साहेब, आपली निवृत्त होण्याची इच्छा आहे काय?" तात्याने कॉम्प्युटर सुरू केला. आतून टक्‌ असा आवाज आला आणि मग शांतता पसरली.

"ऐकलंत? नाही म्हणाले," माळढोकराव म्हणाले.

खालच्या बाजूने पिल्लांची बारीक शीळ ऐकू आली. पाणमांजरीची पिल्लं भुकेली असली की तशी शीळ घालतात. आता आपण ओरडलो तर हे सगळे ऊन उतरेपर्यंत ओरडण्यावर चर्चा करतील, हे मंजुळाक्काने ओळखलं. तिने आवाज इतका खाली आणला की टेकडीवरचे ससे काय झालं म्हणून बाहेर येऊन बघायला लागले.

"माळढोकराव, चुकलं माझं," ती हात जोडून म्हणाली. "तुमचंच खरं. पर येक सांगू? मला तर बघून रडूच आलं. येवढं मोठं डिस्कसायेब, आन त्यांची जागा कुठं? टेबलाखाली! धुळीच्या पेटीत! वर पंखा भणभणतोय, चार स्क्रूनी आवळून ठेवलंय. चोराला तरी असं ठेवत्यात का?"

माळढोकराव चपापले. त्यांची उंच मान थोडी आखडली. एवढी मोठी गोष्ट आपल्या नजरेतून सुटली?

"म्हाराजांच्या गुहेत, गादीवर बसायचा त्यांचा मान," मंजुळाक्का पुढे म्हणाली. "पालखीतनं न्यायला पायजे. पर जाऊ द्या, मी बाई, मला काय कळतंय."

"मी हेच सुचवणार होतो," माळढोकराव म्हणाले.

वाघमहाराजांना जेवायची वेळ झाली होती. "मग न्या की!" ते म्हणाले.

पालखी आली. तात्याने स्क्रू काढले. डिस्कसाहेबांना झेंडूच्या फुलांवर बसवलं. पालखीला खांदा कोणी द्यायचा यावरून थोडी शिंगाशिंगी झाली, पण ती आनंदाची होती. मिरवणूक टेकडीकडे निघाली. पुढे माळढोकराव, मागे सगळा दरबार. बंधाऱ्यावर राहिले फक्त तात्या आणि मंजुळाक्का.

"क्रम बदलू नकोस," ती म्हणाली. "कशाला हात लावू नकोस. नुसता सुरू कर."

तात्याने कॉम्प्युटर सुरू केला. कॉम्प्युटरने फ्लॉपीला विचारलं, कोणी नाही. सीडीला विचारलं, कोणी नाही. डिस्कला विचारलं, तर तिथेही कोणी नाही! आणि शेवटी, सगळ्यांचा मान राखून, तो पेनड्राइव्हच्या दारात गेला.

पडदा काळा झाला. वर पांढरी अक्षरं उमटली. खाली ती छोटी रेघ उघडझाप करू लागली.

तात्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "आली गं, अक्का, आली!"

"रडतोस काय, टाइप कर!"

तात्याने सुगरणीच्या प्रोग्रॅमचं नाव टाइप केलं. चाक कुरकुरलं, फिरलं, आणि दार उघडलं. पाणी खळाळत खालच्या डोहाकडे निघालं.

वाटेत ओढा ओलांडणाऱ्या मिरवणुकीचे पाय भिजले. क्षणभर कोणाला काही कळेना. मग हत्तीने सोंड वर करून आरोळी ठोकली, "डिस्कसाहेब पावले!"

सगळा दरबार नाचला. डिस्कसाहेबांना गुहेत गादीवर बसवलं आणि मंडळी मोकळी पालखी घेऊन धावत बंधाऱ्यावर परतली. माळढोकरावांनी चहूकडे पाहिलं. कॉम्प्युटरच्या कडेला एक हिरवा दिवा लुकलुकत होता.

"हे काय?" ते वाकून म्हणाले. "हा तोच परवाचा पोर ना? दार उघडण्यात याचाही काही हात असेल, तर यालाही मान द्यायला हवा. पालखी मोकळीच आहे. काढा त्याला बाहेर."

तात्याची छाती अभिमानाने फुगली. खरं काय ते सांगायला त्याने तोंड उघडलं. मंजुळाक्काने त्याच्या शेपटीवर सगळा भार देऊन पाय ठेवला.

"ह्येचा हात?" ती हसली. "ती खुंटी हाय, राव. भोकात झुरळं शिरत हुती म्हणून बसवलीय. फुकटात मिळाली. तिला कसली पालखी? डिस्कसायबांना काय वाटंल!"

माळढोकरावांनी घाईघाईने चोच मागे घेतली. तात्याचे डोळे पुन्हा भरून आले. या वेळी शेपटीमुळे.

मग वाघमहाराजांनी मंजुळाक्काकडे पाहिलं. ते जेवून आले होते, त्यामुळे मनाने उदार होते. "अक्का, पालखीचा विषय तू काढलास. तुझाही मान व्हायला हवा. आजपासून तू दरबारची जलमानकरीण. वर गुहेत, माझ्या डाव्या हाताला तुझं आसन. कायमचं."

मुलांनो, खोटं कशाला सांगू, मंजुळाक्काला मोह झाला. जन्मभर ती खालच्या डोहातली म्हणून सगळ्यांनी तिला खालचीच धरली होती. एकदा, फक्त एकदा, त्या आसनावर बसून माळढोकरावांकडे वरून खाली बघावं असं तिला फार वाटलं. पण गुहेत पाणी म्हणजे एक माठ, तोही कोणी आधी प्यायचा हे ठरेपर्यंत झाकलेला. तिने डोहाकडे पाहिलं. पिल्लं पहिल्यांदाच पाण्यात उतरली होती आणि गटांगळ्या खात होती. आणि नको म्हणावं, तर महाराजांचा अपमान केल्याबद्दल वर्षभर सुनावणी चालली असती.

तिने छाती भरून श्वास घेतला. ससे बिळात गेले.

"माळढोकराव!" ती कडाडली. "येवढा मोठा पक्षी, आन अकलेचं अंडं येकच, त्ये बी नासकं!"

माळढोकरावांची चोच उघडी ती उघडीच राहिली. वाघमहाराज गरजले, "उद्धट बाई! हे आसन तुझ्यासाठी नाही! जा त्या खालच्या डोहात, आणि पुन्हा वर तोंड दाखवू नकोस!"

"जशी आज्ञा, म्हाराज," मंजुळाक्का म्हणाली, आणि शिक्षा रद्द व्हायच्या आत तिने पाण्यात सूर मारला. गटांगळ्या खाणाऱ्या एका पिल्लाला तिने मानगुटीला धरून वर काढलं, आणि पोहायचं कसं ते तिथल्या तिथे ओरडून शिकवायला सुरुवात केली.

तात्पर्य: कामात आडवं बसलेल्याचा कधी अपमान करू नये, त्याचा एवढा सत्कार करावा की त्याला जागेवरून उचलूनच न्यावं लागेल. आणि जो खरोखर काम करतो त्याचं चारचौघांत कौतुक करू नये, कारण उद्याही ते काम त्यालाच करायचं असतं.