गुलाबी रंग, तिसरं चाक

आपल्या गॅरेजमधली गुपितं कुणीतरी बाहेर फोडतंय, हे ऑर्विल स्टेंगलला शुक्रवारचा तळलेला मासा खाताना कळलं. शेजारच्या टेबलावरून पलीकडच्या पाइन ग्रोव्ह गावचा कर्मिट ड्रेगर ओरडला, "काय ऑर्विल, एकवीसशे सीसीचं इंजिन घालतोयस म्हणे! गाडी धावणार की उडणार?"

सगळं हॉटेल हसलं. ऑर्विलच्या घशात मात्र काटा अडकला.

चौतीस वर्षं दुधाचा टँकर चालवून निवृत्त झालेल्या ऑर्विलने सगळा हिवाळा त्या गाडीत घातला होता. लांबच्या प्रवासाची जुनी मोटरसायकल हाडापर्यंत सोलून त्याने ती नव्याने उभी केली होती. पुढे वारा अडवणारी रुंद काच, मागे दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, आणि मध्ये ते राक्षसी इंजिन. जुलैच्या जत्रेत गाड्या रोलरच्या यंत्रावर चढवून कुणाच्या इंजिनात किती घोड्यांची ताकद आहे ते मोजतात. सहा वर्षं सलग कर्मिट जिंकत होता. यंदा त्याला गाफील गाठायचं होतं.

इंजिनाचं फक्त तिघांना माहीत होतं. एक मर्व, नळकाम करणारा, ज्याने ते उचलून चौकटीत बसवायला मदत केली. दुसरी बर्निस, शाळेतली निवृत्त नर्स, जिने त्याच्या बारीक तारा जोडून दिल्या, कारण तिच्याइतका हलका हात पंचक्रोशीत कुणाचा नव्हता. आणि तिसरी बायको डोरीन, कारण गॅरेजचं दार तिच्या स्वयंपाकघरात उघडायचं. मर्व आणि बर्निसबरोबर त्याने तीस वर्षं दर रविवारी गाडी हाणली होती. यातला फितूर कोण?

टँकर गळायला लागला की ऑर्विल एकेका झडपेत वेगवेगळा रंग सोडायचा. जो रंग खाली टपकेल ती झडप खराब. तीच युक्ती त्याने माणसांवर करायची ठरवली.

"मर्व, ते मोठं इंजिन काढून टाकतोय," तो म्हणाला. "छोटंसं बसवीन. स्कूटरएवढं."

मर्वच्या हातातला पाना खाली पडला. "बरं आहे ना तुला?"

"मला काय धाड भरलीय?"

बर्निसला त्याने फोन केला. "मागे तिसरं चाक लावतोय."

"गुडघा दुखतोय का?" तिने विचारलं.

"गुडघा नाही गं, चाक!"

डोरीन भांडी घासत होती. "गाडीला गुलाबी रंग देतोय," त्याने सांगून टाकलं.

तिने नळ बंद केला. "आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हाच्या माझ्या ड्रेससारखा?"

ऑर्विलला कुठलाही ड्रेस आठवत नव्हता. "तोच," तो म्हणाला. डोरीनने ओल्या हातांनीच डोळे पुसले आणि बहिणीला फोन लावला.

तीन दिवसांनी पेट्रोल पंपावर कर्मिट समोर आला. त्याने टोपी काढून हातात घेतली. "ऐकलं मी, ऑर्विल. छोटं इंजिन. तिसरं चाक. गुलाबी रंग."

तिन्ही रंग टपकले होते! ऑर्विल आता टोमण्याची वाट बघत उभा राहिला. पण कर्मिटने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काही लागलं तर हाक मार, दोस्ता," असं म्हणून त्याने ऑर्विलच्या ट्रकची काच फडक्याने पुसून दिली.

वैरी हसला तर समजू शकतो. काच का पुसतो? ऑर्विलला झोप येईना. त्यातच दारात शेजाऱ्यांची जेवणाची भांडी येऊन पडायला लागली, घरात दुखणं आलं की येतात तशी. बटाटा आणि चीज, नूडल्स आणि चिकन, फॉइलखाली गरम गरम.

"हात लावू नकोस," त्याने डोरीनला बजावलं. "खायला घालून गुपित काढायचा डाव आहे."

"कसलं गुपित? गुलाबी रंगाचं तर सगळ्यांना माहीत आहे."

त्याने गॅरेजला कुलूप ठोकलं आणि खिडकीला आतून वर्तमानपत्रं चिकटवली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की बिचाऱ्या ऑर्विलला आता उजेडही सोसवत नाही. दुसऱ्या दिवशी पाद्री आले.

"मनात काही साचलं असेल तर मोकळा हो," ते म्हणाले.

"तुम्हाला कर्मिटने पाठवलंय ना?"

"हो, त्यानेच."

"वाटलंच मला!" म्हणत ऑर्विलने दार लावून घेतलं.

रविवारी सकाळी गल्ली इंजिनांनी थरथरली. चाळीसेक गाड्या अंत्ययात्रेच्या वेगाने येऊन दारात थांबल्या. अर्ध्या पाइन ग्रोव्हच्या होत्या, आणि झाडून सगळ्यांच्या गळ्यात गुलाबी रुमाल होते. पुढे मर्व, डोळे लाल झालेला. त्याच्या मांडीवर नळाच्या पाइपांतून जोडलेलं एक चाक होतं, आसासकट.

"मीच बनवलंय," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "घट्ट बसेल."

बर्निसने ऑर्विलचं मनगट धरून नाडी बघायला सुरुवात केली. "खरं सांग. डॉक्टर किती दिवस म्हणालेत?"

"कसले दिवस?"

"तुझे!"

ऑर्विलने चाळीस चेहऱ्यांकडे बघितलं. मग गॅरेजचं कुलूप काढलं. आत गाडी उभी होती. दोन चाकं, अजून रंग न दिलेली टाकी, आणि जागच्या जागी ते एकवीसशे सीसीचं धूड.

"म्हणजे तू आजारी नाहीस?" मर्वने विचारलं.

"नाही."

"मग?"

"तुमच्यातला फितूर कोण ते बघत होतो."

"कर्मिटला मी सांगितलं," मर्व म्हणाला. "त्याच्या गावची पोरं तुला हसतील, त्यांना आवर म्हणून."

"मीही सांगितलं," बर्निस म्हणाली. "त्याच कारणासाठी."

"आणि इंजिनाचं? ते कुणी सांगितलं?"

"तूच!" कर्मिट मागून ओरडला. "पार्ट्सच्या दुकानाबाहेर उभा राहून फोनवर ऑर्डर देत होतास. चाळीस वर्षं सायलेन्सर काढून गाडी चालवलीस, कान गेलेत तुझे, ओरडूनच बोलतोस! अर्ध्या तालुक्याने ऐकलं."

कुणीही हसलं नाही. मर्वने ते चाक हळूच जमिनीवर ठेवलं, गळ्यातला रुमाल सोडला आणि तो आपल्या गाडीकडे वळला. तीस वर्षांत ऑर्विलने त्याची पाठ पुढे जाताना हजारदा बघितली होती. अशी कधी नाही.

"मर्व," तो म्हणाला. "चुकलो रे. गाढव आहे मी."

मर्व थांबला, पण वळला नाही.

तेवढ्यात डोरीन दारात आली. "रंग तरी गुलाबीच ना?" तिने विचारलं.

आता चाळीसजण ऑर्विलकडे बघायला लागले. "गुलाबीच," तो म्हणाला.

"पहिला हात मी मारणार," मर्व पाठमोराच म्हणाला. "आणि तू फक्त डबा धरायचास."

"धरतो."

जुलैच्या जत्रेत ती गाडी रोलरवर चढली तेव्हा लोकांनी डोळ्यांवर हात धरले, इतका तो रंग झगझगीत होता. डोरीन मागच्या सीटवर बसायचा हट्ट धरून उभी होती. तिला बर्निसने आवरलं. यंत्राने आकडा दाखवला: एकशे अठ्ठेचाळीस घोडे. मग कर्मिट चढला. त्याचं इंजिन गर्जलं, काटा वर वर सरकत गेला आणि एकशे पंचेचाळीसवर थांबला. मर्वने टोपी हवेत उडवली.

ऑर्विल मात्र कर्मिटच्या अगदी शेजारी उभा होता. शेवटच्या क्षणी कर्मिटने मनगट किंचित पुढे फिरवून वेगाची मूठ सैल केलेली त्याने स्पष्ट बघितली होती.

"कर्मिट," तो बारीक डोळे करून म्हणाला, "मनगटाला काय झालं तुझ्या?"

"संधिवात," कर्मिट पापणी न हलवता म्हणाला. "वय झालं आता."

ऑर्विलच्या ओठांवर बरंच काही आलं होतं.

"जपत जा बाबा," तो म्हणाला, आणि कर्मिटची गाडी रोलरवरून उतरवायला त्याने मागून हात लावला.