तोंडाने चालणारी रिक्षा

आमच्या वर्तकनगरहून स्टेशनला जाणाऱ्या शेअर रिक्षांत एकच रिक्षा तोंडाने चालते. म्हणजे चालते ती बॅटरीवर, पण तिचा "टर्रर्र... फट फट फट" हा आवाज ड्रायव्हर बबनदादा स्वतः काढतात. चढावर जोर लावतात, सिग्नलला बारीक गुरगुरतात, गियर बदलल्यासारखे मध्येच अडखळतातसुद्धा.

पहिल्यांदा बसले तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्यांना उचकी लागलीय. मी पाण्याची बाटली पुढे केली. दादा पाणी प्यायले, थँक्यू म्हणाले आणि गाडी पुन्हा सुरू केली.

गॅसची रिक्षा विकून ही घेतल्यापासून गिऱ्हाइकं त्यांच्याशी एकच वाद घालतात. वीज स्वस्त, मग भाडं तेवढंच का? दादांचं उत्तर तयार असतं.

"हिशेब ऐका! गॅस गेला, बँकेचा हप्ता आला. गाडी चार्जिंगला उभी, तर मीपण उभाच. आणि उद्या बॅटरी म्हातारी झाली की तिचं आजारपण कोण काढणार? मीच ना?"

"आणि हा आवाज?"

"तो फ्री आहे. भाड्यात नाही धरलेला."

एकदा आयटीतली एक मुलगी म्हणाली, "काका, पुढे तर ड्रायव्हरच नसणार. गाडी आपोआप चालणार. भाडं एकदम कमी!"

दादांचं इंजिन क्षणभर बंद पडलं. मग म्हणाले, "येऊ दे की. पण हिशेब ऐक. माझी कमाई वाचेल ती तुझ्या पर्समध्ये येणार की गाडीवाल्या कंपनीकडे जाणार, ते आधी विचारून ठेव." आम्ही सगळे हसलो. दादा हसले नाहीत.

परवा दुपारी रिक्षात मी एकटीच उरले होते. दादांचा घसा साफ बसलेला, त्यामुळे गाडी अगदी गुपचूप चाललेली. एका चाळीपाशी थांबून ते कुजबुजले, "ताई, आईला गोळी देऊन लगेच येतो. पण जरा तुम्ही आवाज काढता का? तिला दिसत नाही. रिक्षा वाजली की कळतं, मी आलो. नवी गाडी घेतली हे सांगितलंच नाही तिला. कर्ज म्हटलं की झोप उडते तिची."

मी एम.ए., दोन मुलांची आई. भर दुपारी चाळीच्या तोंडाशी उभी राहून मी "टर्रर्र" केलं. वरच्या खिडकीत दोन डोकी दिसली. मग म्हटलं आता लाज कसली, आणि आणखी जोरात केलं.

"आलास रे बबन?" आतून हाक आली.

दादा गोळीसाठी पाणी आणायला मोरीकडे गेले. त्यांच्यामागून आलेली मी दारातच उभी. पलंगावरच्या आजींनी माझ्याकडे मान वळवली.

"कोण गो तू? बबनचा घसा बसला वाटतं."

मी हळूच मोरीकडे बघितलं.

"गाडी बदलली तेव्हाच कळलं मला. त्याच्या कपड्यांना गॅसचा वास यायचा, तो गेला. पण एवढं तोंड दुखवतो माझ्यासाठी, म्हणून मीपण हाक मारते. त्याला सांगू नको हां."

बाहेर आल्यावर दादा एकदम खूश. "बघितलंत? म्हातारीला अजून पत्ता नाही!"

"नाहीच लागायचा," मी म्हटलं.

निघतानाही आवाज हवाच होता. तोही मीच काढायला घेतला. तेवढ्यात आतून "सावकाश जा रे बाबा" असं ऐकू आलं, माझा गळा दाटून आला आणि गाडी चाळीच्या दारातच बंद पडली.