मोघेकाका आणि बोलकी बाहुली

मोघेकाका आमच्याकडे आले की खुर्चीत बसण्याआधी माझ्या लेकीच्या, सईच्या सगळ्या बाहुल्यांची तोंडं भिंतीकडे वळवतात.

दिल्लीत, आर. के. पुरममध्ये ते आमच्या वरच्या क्वार्टरमध्ये राहतात. मुलगा-सून सकाळी आठला ऑफिसला जातात, ते दिवेलागणीनंतरच परततात. काका रिटायर्ड, अंगाने धिप्पाड, आणि भीती कसली, तर बाहुल्यांची! "हसू नकोस, वैशाली," ते मला बजावतात. "आमच्या वेळची प्लास्टिकची बाहुली आडवी केली की डोळे मिटायची. मग आल्या बारीक कमरेच्या. त्या नुसत्या कपडे बदलायच्या. आताच्या प्रश्न विचारतात. बिल्कुल भरवसा नाही!"

मी हसायचे. सातव्या वाढदिवसाला सईला तिच्या नोएडाच्या मामाने इंटरनेटवर चालणारी बोलकी बाहुली दिली, तेव्हाही हसले.

एका दुपारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. काका हॉलमध्ये पेपर वाचत होते, शेजारी सई खेळत होती. तेवढ्यात बाहुलीचा गोड आवाज आला, "मम्मी कहाँ है? घर पे तुम अकेली हो?"

माझ्या हातातला टॉवेल गळून पडला. आत धावले, तर काका पांढरेफटक. मी झटकन बाहुलीचं बटण बंद केलं.

"बटणावर जाऊ नकोस! बंद असली तरी ऐकते ती!" म्हणत त्यांनी बाहुली माझ्या पाच लिटरच्या कुकरमध्ये कोंबली, झाकण लावलं, वर शिट्टीसुद्धा बसवली आणि कुकर काखोटीला मारून तडक जिना चढले. सईने भोकाड पसरलं. मी काकांना थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी डाळ लावायची म्हणून कुकर आणायला वर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत काका कुणाशी तरी बोलत होते. या वेळी तर त्यांच्या घरात कुणीच नसतं! हळूच डोकावले.

बाहुली टेबलावर बसवलेली होती.

"आपने खाना खाया?" तिने विचारलं.

"हाँ बेटा, खिचडी खाई," काका म्हणाले.

मला पाहून ते केवढे दचकले. "सकाळी नुसती बघायला म्हणून चालू केली," ते पुटपुटले. "आता बंद करवत नाही गं. मला याचीच भीती होती."

मी बटण दाबलं. घर एकदम शांत झालं. मग मीच विचारलं, "काका, जेवलात का?"

त्यांनी एकदा बंद बाहुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नाही," म्हणाले.