माध्यान्हनिद्रेची मोहीम

तैवान बेटी, जियायी शहरी, एका पाठशाळेत पाचव्या इयत्तेवर जो प्रसंग गुदरला, त्याची हकीकत पुसून, पारखून येथे लिहिली असे. लिहिताना कोणाची भीडमुर्वत धरिली नाही. वेई मास्तरांची मात्र थोडकी धरिली, कारण ते अद्याप नोकरीत आहेत.

त्या मुलखाचा दस्तूर ऐसा की, भोजनोत्तर साडेबारापासून चाळीस मिनिटे समस्त पोरे बाकावर डोके टेकून निजतात, आणि पोरांमागे मास्तर निजतात, आणि मग कचेरीही निजते, आणि त्या समयी शाळेत एक पान हलेल तर शपथ. ऐशा अमलात यौ आन-आन नामे अकरा वर्षांची कन्या मात्र निजेना. ती गुणगुणे, बाकांमधून हिंडे, आणि निजलेल्यांस हलवून जागे करी. तिच्यास्तव वैयक्तिक शिक्षण आराखडा होता, म्हणजे जे लेकरू सर्वांच्या चालीने शिकत नाही त्याच्या एकट्याच्या नावचे फर्मान. त्यात तीन सत्रे एकच कलम: 'विद्यार्थिनी चाळीस मिनिटे निश्चल पडून राहील.' तीन सत्रे त्यापुढे 'साध्य नाही' ऐसा शेरा पडला, आणि मग कलम तसेच पुढील कागदावर उतरविले गेले.

वर्गाधिपती वेई मास्तर, घडीच्या खाटेचे धनी, निद्रेचे कडवे सरदार, यांनी अखेर खलिता धाडिला की, ही कन्या दुसऱ्या शाळेच्या विशेष वर्गात रवाना करावी. तो खलिता विशेष शिक्षिका जियान बाईंच्या हाती पडला. आन-आनला जन्मातली पहिली मैत्रीण याच वर्गात मिळाली होती, आणि ती गेली तर दुसरी कधी मिळेल याचा भरवसा नव्हता. बाईंनी आराखड्याच्या सभेपावेतो मुदत मागितली, आणि मग दुपारी कन्येस आपल्या खोलीत बसवून जातीने पहारा मांडिला.

पहिला दिवस बाई शिकस्तीने जागल्या. दुसरा चहावर काढिला. तिसरे दिवशी डब्यातील मांस-भाताने दगा दिला आणि बाई खुर्चीतच गारद जाहल्या. जाग आली तों कन्या त्यांच्या नाकाखाली बोट धरून उभी, डोळे डबडबलेले.

"बाई, तुम्ही आहात ना?"

"आहे गं. जाते कुठे?" बाई बोलिल्या, आणि मग ओशाळल्या, आणि मग फार वेळ विचारात पडल्या.

सभेच्या दिवशी मार्गदर्शन विभागाच्या प्रमुख फू बाई अध्यक्षस्थानी विराजल्या. आन-आनच्या मातोश्री पहाटेपासून न्याहारीच्या दुकानात अंड्याच्या पोळ्या उलथून तेलकट एप्रनानिशी दाखल जाहल्या. जियान बाईंनी हट्टाने कन्येसही मसलतीत बसविले, जे कायद्यात होते पण वहिवाटीत नव्हते.

वेई मास्तरांनी तोंड सोडिले. "अहो, एकीपायी पंचवीस पोरं जागी! मी काय पाळणा म्हणत बसू?"

"म्हणा की. खाट तर तुमच्याकडे आहेच," मातोश्रींनी सुनावले.

जियान बाईंनी कागद बाजूस सारिला. "आन-आन, तूच सांग बाळा. सगळ्यांना का उठवतेस?"

कन्या टेबलाकडे बघत म्हणाली, "आजोबापण दुपारीच झोपले होते."

तीन सत्रांमागे आजोबा दुपारी निजले ते उठलेच नव्हते.

"मला वाटलं, हिला काही कळलंच नाही," मातोश्री म्हणाल्या, आणि एप्रनाने डोळे पुसू लागल्या. तीन आराखडे जाहले, दर आराखड्यावर सात-सात सह्या जाहल्या, आणि हा एक सवाल कोणी केला नव्हता. जियान बाईंनीही केला नव्हता, आणि त्याची त्यांना मनस्वी लाज वाटली.

मग बाईंनी जुने कलम खोडून नवे लिहिले: 'विद्यार्थिनीस दिसेल ऐसे एक मोठे माणूस चाळीस मिनिटे जागे राहील.' यावर समस्त मंडळी खिडकीबाहेर पाहू लागली, कारण त्या मुलखात दुपारची झोप मागणे म्हणजे जीव मागणे. बाईंनी सोमवार आणि गुरुवार अंगावर घेतले. फू बाईंनी शुक्रवार घेतला. मग वेई मास्तर छाती पुढे काढून म्हणाले, "ठीक आहे! बुधवार माझा."

"सर, बुधवारी शाळा बाराला सुटते," फू बाई म्हणाल्या.

"हो का? विसरलोच बघा."

"मंगळवार लिहा हो यांच्या नावावर," मातोश्री बोलिल्या.

ऐसा मंगळवार मास्तरांच्या कपाळी आला. खाट भिंतीस लावून, तोंडात आल्याची गोळी धरून, ते वर्गाच्या तोंडाशी ताठ बसले. आन-आनने तीन वेळा मान वर करून पाहिले. तिन्ही वेळा मास्तरांचे डोळे लाल, परंतु उघडे. चौथ्यांदा मान वर आली नाही. जियान बाई खिडकीशी येताच मास्तरांनी हातवारे करून त्यांस पिटाळले. कन्येस रवाना करण्याचा खलिता त्यांनी त्याच दिवशी परत घेतला.

सदरहू मोहीम फत्ते जाहली. महिनाअखेर मूल्यमापनाच्या रकान्यात दाखला जाहला तो येणेप्रमाणे: वेई मास्तर, चार मंगळवारांपैकी तीन मंगळवार जागे. चौथ्यास निजले. विद्यार्थिनीने पाहिले, उठविले नाही. आपले जाकीट त्यांच्या अंगावर घातले आणि जागेवर जाऊन निजली. सबब कलम पुरे जाहले, पुढील कागदावर उतरवू नये.